जोडकाठी

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा खेळाडूंचीं नांवें आणि डावांचे निकाल सांगतात. खेळाडूच्या हातांतील साधन कोणी व कसें घडविलें, हें विचारण्याचें त्यांस क्वचितच सुचतें. बिलियर्ड, स्नूकर आणि पूल या तीन भावंडांची क्यू नांवाची काठी अशीच उपेक्षित राहिली आहे. अलीकडे ती कार्बनतंतूंची होऊं लागली असून, तुकडे उकलून प्रवासाच्या पेटींतही मावते. भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. पण त्याचे धागे आपल्या दारावरूनच गेले आहेत.

पहिला धागा जबलपूरचा. १८७५ सालीं तेथील छावणींत नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्यानें जुन्या खेळांत रंगीत चेंडूंची भर घालून स्नूकर सुरू केला, असें मानलें जातें. जबलपूर व भंडारा हे दोन्ही जिल्हे तेव्हां मध्यप्रांतांत होते. विलायती म्हणून ओळखला जाणारा हा खेळ वस्तुतः आपल्या जुन्या प्रांतांत जन्मला.

काठीचा इतिहास त्याहून जुना आहे. प्रथम चेंडू रुंद तोंडाच्या दांड्यानें ढकलीत. पुढें बारीक टोंकाची काठी आली, आणि १८०७ च्या सुमारास मँगो नांवाच्या फ्रेंच कप्तानानें त्या टोंकास चामड्याची टिकली लाविल्यावर चेंडूस हवी तशी फिरकी देतां येऊं लागली. काठी ॲश किंवा मेपल लाकडाची करीत. पण लांकूड हवेचें दास. विदर्भाचा कोरडा उन्हाळा आणि लगेच येणारा ओला पावसाळा यांत सरळ काठीही वांकते. शिवाय सुमारें पांच फूट लांबीची काठी प्रवासांत न्यावी कशी? म्हणून ती मध्यें कापून पितळी मळसूत्रानें जोडण्याची युक्ति निघाली.

खरी परीक्षा या सांध्याचीच. दोन्ही तोंडें काठीच्या अक्षाशीं काटकोनांत हवींत, आणि दोन्ही तुकड्यांचा अक्ष एकच हवा. केसाएवढी फट राहिली, तरी आघात तेथेंच विरतो व खेळाडूच्या बोटांस खोटें कळतें. कार्बनच्या काठींतही हा नियम सुटत नाहीं. राळेंत भिजविलेले तंतु निमुळत्या पोलादी सळईभोंवतीं गुंडाळून तापवितात. राळ घट्ट झाली कीं सळई काढून घेतात. उरलेल्या पोकळ नळींत नाद मारण्यासाठीं हलका फोम भरतात आणि टोंकाशीं धातूची आट्यांची खोबण चिकटवितात. चिकट पूर्ण वाळल्यावरच तोंडें चरकावर सारखीं करावयाचीं. घाई केली कीं अक्ष ढळलाच. अशी नळी हवेनें वांकत नाहीं, पण तिचा सांधा मात्र हातालाच साधावा लागतो.

दुसरा धागा बांबूचा. १८८० सालीं एडिसननें विजेच्या दिव्याकरितां जपानांतील बांबूची काडी कोळशाच्या तंतूंत पालटली, आणि तो तंतु हजार तासांहून अधिक जळला. आजच्या बळकट कार्बनतंतूची पायवाट अमेरिकेंत १९५८ पासून आणि जपानांत १९६१ पासून आंखली गेली. तो तंतु बांबूपासून होत नाहीं, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. पण रचना पाहतां बांबू त्या नळीचा वडील भाऊच आहे: आंत पोकळ, सालीकडे तंतूंची दाटी, मधून मधून पेर. आपल्या बुरुडास हें कोयत्याच्या पहिल्या घावांत कळतें.

तिसरा धागा पितळेचा. भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव. गुंडाचे भाग निराळे ठोकून ते झाळून पाणी गळणार नाहीं असें एक करणें, ही सांध्याचीच विद्या होय.

मग खेळ जवळ, बांबू जवळ, पितळ जवळ असतां येथें काठी कां घडली नाहीं? 'आमच्याकडे सर्व होतेंच' असें म्हणून भागणार नाहीं. साहित्य होतें, प्रश्न नव्हता. प्रश्न खेळाडूच्या हातांत उत्पन्न होतो आणि कारागिराच्या हातांत सुटतो. येथें क्लबाच्या दारानें ते दोन हात एकमेकांस भेटूंच दिले नाहींत. पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास बिलियर्डचें जागतिक हौशी विजेतेपद मिळविलें, तेव्हां भारतीय खेळाडूची योग्यता सिद्ध झाली; काठी घडविणाऱ्याची पाळी अद्याप यावयाची आहे.

इकडे पोलादी भांड्यांनीं पितळेची मागणी ओसरविली आणि ठोकणाऱ्यांचे हात कमी होत चालले. ते हात थांबले, तर सांध्याची ती समज कोणत्याही पुस्तकांतून परत मिळणार नाहीं. चरक, तांबट आणि खेळणारें पोर हीं तिन्हीं एका छपराखालीं आणणें फार खर्चाचें काम नाहीं. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या कर्मशाळांनीं एवढें करून पाहावें.