सहाशे साचे

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, येथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे छापून निघाले. मराठीचा त्याने केलेला गौरव आपण आवडीने सांगतो. पण हे मराठी पुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत! त्याला ते रुचले होते असे नाही. १६०८ साली त्याने रोमला पत्र लिहून देशी लिपीत पुस्तके छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली होती. अडचण साच्यांची होती. व्यंजनाला स्वर जोडला की अक्षराचे रूप पालटते, त्यामुळे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, असा त्याचा हिशेब होता.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. टिकल्या त्या हाताने उतरलेल्या पोथ्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळुरास सालढाणा ह्यांनी ते पुन्हा रोमन लिपीत छापले. देवनागरी छापील आवृत्ती, शांताराम बंडेलू ह्यांची, १९५६ साली आली. म्हणजे तीनशे चाळीस वर्षांनी!

आता भ्रमणध्वनीकडे पाहा. युनिकोडमध्ये देवनागरीला मुळात एकशे अठ्ठावीस जागा दिल्या आहेत. स्वरचिन्ह निराळे, व्यंजन निराळे. त्यांची जोडणी यंत्र करते. सहाशे साच्यांचे कोडे असे सुटले. आणि तरीही माझ्या ओळखीची ख्रिस्ती तरुण मुले संध्याकाळची प्रार्थना एकमेकांना पाठवितात ती रोमन अक्षरांतच. बोटांना तेच सोपे पडते, म्हणतात. स्टीफन्सला हे पाहून हसू आले असते की राग, कोण जाणे.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, देवळे बंद झाली, आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण लोकांनी घरात पडद्यासमोर बसून केला. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यावर बसून मीही वसईकडची मराठी मिस्सा ऐकली. शब्द स्पष्ट आले, गाणे आले; प्रसादाची भाकर येऊ शकत नव्हती. ती उणीव धर्मगुरूंनी लपविली नाही. अंतःकरणाने प्रसाद ग्रहण करण्याची जुनी प्रार्थना त्यांनी म्हणवून घेतली. मला हा प्रामाणिकपणा आवडला. पुराणाच्या ओव्याही कानांसाठीच होत्या. ऐकणे ही ह्या समाजाची जुनी सवय आहे.

शंका वाटते ती दुसरीच. ती चित्रणे परक्या कंपन्यांच्या कोठारात आहेत. उद्या त्यांनी दार लावले तर? दोन-तीन घरी विचारले, कोणी काही उतरून ठेवले आहे काय. एका घरी आजीने त्या रविवारच्या प्रार्थना तारखांसह वहीत लिहून घेतल्या होत्या.