ओवी, ध्वनिफीत आणि विस्मरण

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात जात्यावरच्या ओवीला मानाचे स्थान मिळाले, ते मुख्यतः छापील संग्रहांमुळे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’ आणि पुढे सरोजिनी बाबर यांचे संकलनकार्य यांचे ऋण मोठे आहे. परंतु छपाईला पेलेल तेवढीच ओवी पुस्तकात आली. दम घेण्याच्या जागा, अर्धी ओळ पुन्हा उचलण्याची रीत, जोडीदारणीचा मिसळणारा आवाज, मधूनच येणारा ‘गं बाई’ हे सारे संपादनात गळून पडले.

या उणिवेची जाण ठेवून पुण्यात एक काम उभे राहिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात ग्रामीण स्त्रियांबरोबर काम करताना ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. ओवी म्हणजे भूतकाळाचे शोभेचे लेणे नसून स्त्रीने स्वतःच्या जगण्यावर केलेले भाष्य आहे, ही त्यांची दृष्टी होती. शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. ओवीसोबत गाणारीचे आणि तिच्या गावाचे नावही लिहिले गेले. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली अशाच मुद्रित झाल्या. पॉइटवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्यानंतर २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या आवाजासह प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

येथे एक भाबडी समजूत दूर करावयास हवी. ‘एकदा मुद्रित झाले की टिकले’ असे होत नाही. चुंबकीय फितीवरील लेप दमट हवेत चिकट होतो, सुटू लागतो. फीत शाबूत राहिली तरी ती वाजविणारे यंत्र नाहीसे होते. ‘डॅट’ ही तर अंकीय फीत. १९८७ साली आली आणि २००५ साली सोनीने तिच्या यंत्रांचे उत्पादन थांबविले. म्हणजे अंकीय रूप हे चिरंजीवित्वाचे वरदान नव्हे. पोथीची नक्कल जशी पिढीगणिक करावी लागे, तशीच संगणकातील धारिकाही नव्या माध्यमात पुनःपुन्हा उतरवावी लागते. जतन हा प्रसंग नसून व्रत आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. विजेच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्यावर पहाटेचे दळण थांबले. साहजिकच यातील पुष्कळ ओव्या आठवून, कोणीतरी विचारले म्हणून गायलेल्या आहेत. मग आपण जतन केले ते काय? ओवी, की ओवीची स्मृती? माझ्या मते स्मृतीच. आणि तेवढ्याने तिचे मोल उणावत नाही. मात्र अभ्यासकाने हा फरक नजरेआड करू नये.

छापील संग्रहाने ओवीला विषयवार दालनांत बसवले आणि गाणारी बहुधा अनामिक राहिली. ध्वनिसंग्रहात ती नावागावानिशी, स्वतःच्या आवाजात उभी आहे. वर्गात ओवी शिकविताना आपण अजूनही केवळ पाठ्यपुस्तकातील ओळी वाचून दाखवणार असू, तर फिती वाचवूनही विस्मरण आपणच चालू ठेवू.