चित्राची दुसरी प्रत

अमरावतीनजीक भातकुली हें तालुक्याचें गांव आहे. तेथील जैन मंदिरांत भगवान आदिनाथांच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येतात, आणि दर्शन आटोपून अंगणांत आले कीं बहुतेकांचे हात खिशाकडे जातात. घरच्या वडील माणसांस मध्यें उभें करून व मुलांस पुढें बसवून मोबाईलवर छायाचित्र घेतलें जातें. वर्षाअखेर अशीं शेंकडों चित्रें त्या लहानशा यंत्राच्या पोटांत सांठतात. त्यांचें पुढें काय करावयाचें, याचा विचार मात्र यंत्र भरून गेल्याखेरीज सहसा कोणी करीत नाहीं. मोबाईलमधील चित्रें संगणकांत उतरवून ठेवणें हें काम दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्यामागील प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचें एक उत्तर खुद्द भातकुलीच्या इतिहासांत सांपडतें.

रुक्मिणीचा बंधु रुक्मी यानें वसविलेलें भोजकट नगर तें हेंच, अशी परंपरा आहे. अनेक संशोधकांचाही कल याच मताकडे आहे. पण भोजकट हें नांव केवळ पुराणांतच राहिलें नाहीं. पांचव्या शतकांतील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षीं अचलपूरनजीकच्या चर्मांक, म्हणजे आजच्या चम्मक, गांवीं १,००० ब्राह्मणांस भूमिदान केलें. तें गांव भोजकट राज्यांत मधुनदीच्या तीरीं आहे, असें त्या दानाच्या ताम्रपटांत कोरलेलें आहे. तांबें हें टिकाऊ खरें. तथापि एकच ताम्रपट एकाच ठिकाणीं असतां तो वितळविला जाण्यास एखादा अजाण तांबट पुरे होता. १८८८ मध्यें फ्लीट यांनीं गुप्तकालीन लेखांच्या संग्रहांत तो लेख छापला, पुढें १९६३ मध्यें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं वाकाटक लेखांच्या संग्रहांत तो पुन्हां संपादिला, आणि तांब्यावरील अक्षरें कागदावर येऊन देशोदेशींच्या ग्रंथालयांत पोंचलीं. आतां एखाद्या ठिकाणीं आग लागली तरी भोजकटाचें नांव पुसलें जाणार नाहीं.

याच्या उलट प्रकार कसा घडतो, हें अजिंठ्याच्या चित्रांनीं दाखविलें आहे. तेथील १६ वें लेणें वाकाटकांच्याच वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, शाखेच्या हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानें करविलें. या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्यास मद्रास सैन्यांतील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्यें नेमणूक झाली. त्यांनीं कित्येक वर्षें अंधाऱ्या लेण्यांत बसून मोठाल्या कापडांवर तीं चित्रें उतरविलीं व विलायतेस धाडलीं. लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें तीं मांडलेलीं असतां १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि त्यांपैकीं बहुतेक सर्व जळून गेलीं. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून तें काम पुन्हां करवून घेतलें. त्या नकलाही लंडनलाच गेल्या, आणि १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील आगीनें त्यांतील शंभरांवर नकलांचा घास घेतला. एकाच कामावर एकच संकट दोनदां कोसळलें, याचें कारण दोन्ही वेळीं एकच होतें: नकल केली होती, पण नकलेची नकल कोठेंच ठेविली नव्हती.

त्याच गिल साहेबांनीं पुढें छायाचित्रणही आत्मसात् केलें होतें. मुंबईंत १८५४ मध्येंच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती, व ही नवी विद्या या प्रांतांत झपाट्यानें पसरत होती. गिल यांनीं घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत रंग नाहींत आणि भिंतींवरील चित्रांची शोभाही नाहीं. परंतु एका कांचेवरून अनेक प्रती निघाल्यामुळें तीं आज पाहावयास मिळतात. वर्षानुवर्षांच्या परिश्रमाचीं रंगीत चित्रें गेलीं आणि त्या मानानें अल्प श्रमाचीं छायाचित्रें राहिलीं. गिल १८७९ मध्यें वारले; त्यांची कबर भुसावळास आहे.

हाताच्या नकलेंत मूळ चित्राहून थोडाफार फरक पडणारच. तो दोष नाहींसा करणारी युक्ति विसाव्या शतकांत निघाली. १९५७ मध्यें अमेरिकेंतील रसेल किर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र १७६ गुणिले १७६ ठिपक्यांत विभागून संगणकास दिलें. चित्राचे असे आंकडे झाले म्हणजे त्याची नकल मुळाबरहुकूम होते. आंकडा पुन्हां लिहितांना त्याचा रंग फिका पडत नाहीं. १९७५ मध्यें कोडॅकचे स्टीव्हन सॅसन यांनीं १०,००० ठिपक्यांचें चित्र टिपणारा कॅमेरा तयार केला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत, आणि ती फीत दुसऱ्या यंत्रांत घालावी तेव्हां चित्र दूरदर्शन-संचावर दिसे. म्हणजे चित्र एका यंत्रांतून दुसऱ्यांत नेण्याचा खटाटोप या कॅमेऱ्याच्या जन्मापासूनच त्याच्या मागें लागलेला आहे.

आजच्या मोबाईलमध्यें हा खटाटोप एका केबलवर आला आहे. तरी केबल जोडूनही संगणकावर कांहींच दिसत नाहीं, अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. पूर्वीं मोबाईल आपलें सांठवणीचें कार्ड संगणकाच्या स्वाधीन करी, आणि तोंवर त्यास स्वतःस तें वापरतां येत नसे. २०११ पासून अँड्रॉइड मोबाईलमध्यें ही पद्धत मागें पडूं लागली. आतां कोठीची किल्ली मोबाईलकडेच असते. संगणकानें मागावें आणि मोबाईलनें एकेक वस्तु बाहेर द्यावी, असा व्यवहार असतो. म्हणून केबल जोडल्यावर प्रथम नुसती बॅटरी भरूं लागते. मोबाईलचें कुलूप उघडून त्याच्या पडद्यावरील सूचनेंत ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडला म्हणजे कोठी उघडते. आयफोन असल्यास या संगणकावर विश्वास आहे काय, असें तो विचारतो. मग ‘डीसीआयएम’ नांवाच्या कप्प्यांत चित्रें सांपडतात. केबल निव्वळ बॅटरी भरण्याचीच असेल तर मात्र कितीही प्रयत्न केला तरी व्यर्थ होय.

येथें अजिंठ्याचा धडा आठवावा. चित्रें एकदम हलवूं नयेत, त्यांची प्रत करावी. दोन्हीकडील संख्या मोजावी, चार चित्रें उघडून पाहावीं, एक प्रत निराळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरीं ठेवावी, आणि मगच मोबाईलमधील मूळ चित्रें पुसावीं. जीं चित्रें संगणकावर आणलीं पण मोबाईलमधून तत्काळ पुसलीं, त्यांची प्रत अद्यापि एकच आहे. इंटरनेटवरील सांठवणींतही एका जागीं पुसलेलें चित्र जोडलेल्या दुसऱ्या जागींही पुसलें जाऊं शकतें, हें ध्यानांत असूं द्यावें.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजोबांच्या अखेरच्या वर्षाचीं सर्व चित्रें नातवाच्या मोबाईलमध्यें होतीं. मोबाईल विहिरींत पडला. सासरीं असलेल्या नातीस व्हॉट्सॲपवर पाठविलेलें एक चित्र तेवढें उरलें. असें पाठविलेलें चित्र वाटेंत आक्रसतें. तें मोठें करून भिंतीवर लावूं गेले तेव्हां आजोबांचे डोळे नीट दिसेनात. तरी तेंच चित्र आज त्या घरीं चौकटींत आहे, कारण दुसरें नाहीं.

आणखी एक गोष्ट चम्मकच्या ताम्रपटापासून शिकण्यासारखी आहे. त्यांत राजाचें नांव, वर्ष, गांव व नदी हीं सर्व कोरलेलीं आहेत, म्हणूनच दीड हजार वर्षांनंतरही आपणांस भोजकटाचा माग लागतो. मोबाईल चित्रासोबत तारीख व वेळ आपण होऊन नोंदवितो, कधीं स्थळही नोंदवितो. पण मध्यें उभी असलेली वृद्धा कोणाची कोण, हें त्यास ठाऊक नसतें. चित्रें उतरविल्यावर वर्षवार कप्पे करावे, आणि दिवाळीच्या सुटींत आजीस संगणकापाशीं बसवून एकेक नांव विचारून लिहून घ्यावें. केबलचें काम अर्ध्या तासाचें आहे व तें पुढल्या वर्षींही करितां येईल. हें दुसरें काम आजी आहे तोंवरच होणार आहे.