बसमधली बेशिस्त : मॉन्टगोमेरी, २ मार्च १९५५

‘वर्तन’ हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे. शाळेच्या दाखल्यावर तो असतो आणि पोलिसांच्या टिपणातही असतो. शाळकरी मुलांनी बसमध्ये, आगगाडीत कसे वागावे याचे नियम प्रत्येक समाजाने केलेले आहेत आणि त्यांतले पुष्कळसे रास्तही आहेत. दाराशी लोंबकळू नये, कंडक्टरशी हुज्जत घालू नये, म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी, हे कोण नाकारील? परंतु ज्या समाजात माणसाची प्रतवारी जन्मावरून ठरते, तेथे चांगल्या वर्तनाच्या यादीत आणखी एक कलम असते : आपली पायरी ओळखून राहावे. हे कलम मोडणारा विद्यार्थी उद्धट ठरतो, बेशिस्त ठरतो, प्रसंगी गुन्हेगार ठरतो.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात १९५५ साली हेच घडले. तेथील बस-बहिष्काराचा इतिहास आपल्याकडे रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग या दोन नावांनी माहीत आहे. त्याच्या नऊ महिने आधी, शाळेतून घरी निघालेली एक पंधरा वर्षांची मुलगी त्याच शहराच्या बसमध्ये बसून राहिली होती. तिचे नाव क्लॉडेट कोल्व्हिन. हे नाव इतकी वर्षे मागे का राहिले, हा प्रश्न केवळ अमेरिकेच्या इतिहासाचा नाही.

मॉन्टगोमेरीच्या बसची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. ३६ आसनांच्या बसमध्ये पुढची १० आसने गोऱ्यांसाठी राखीव असत. ती रिकामी धावली तरी काळ्या माणसाने त्यांवर बसायचे नाही. मागची आसने काळ्यांची. मधल्या आसनांवर कोणी बसायचे हे ड्रायव्हर ठरवी, आणि नगरपालिकेच्या नियमांनी त्याला त्यासाठी पोलिसाचे अधिकार दिले होते. काळ्या उतारूने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे, अशीही पद्धत होती. या बसचे बहुसंख्य उतारू काळेच होते. म्हणजे बस चालत होती काळ्यांच्या पैशावर आणि चालवली जात होती गोऱ्यांच्या मानासाठी. काळ्या वस्त्यांतील मुलेही शाळेत जाण्यायेण्यासाठी याच बसने प्रवास करीत. तेव्हा जातिभेदासारख्या या वर्णभेदाचा पाठ त्या मुलांना शाळेत पोचण्यापूर्वीच, रोज दोन वेळा, मिळत होता.

क्लॉडेट ही किंग हिल या गरीब वस्तीत राहणारी. ज्या नातेवाइकांनी तिला मुलगी म्हणून वाढवले, त्यांतली बाई गोऱ्यांच्या घरी कामाला जाई आणि पुरुष लोकांच्या आवारातले गवत कापी. ती बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलची विद्यार्थिनी होती. कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेला ‘निग्रो हिस्ट्री वीक’ फेब्रुवारीत पाळला जाई. त्या वर्षी तिच्या शिक्षिकांनी आठवड्याऐवजी जवळजवळ महिनाभर हा विषय शिकवला. मुलांनी गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रूथ आणि हॅरिएट टबमन यांच्याविषयी वाचले, राज्यघटनेने दिलेल्या हक्कांविषयी वाचले आणि आपल्या शहरात ते हक्क कोठे आहेत याची चर्चा केली.

२ मार्च १९५५ रोजी शाळा सुटल्यावर ती मैत्रिणींबरोबर बसमध्ये चढली. राखीव आसनांच्या मागे एका ओळीत त्या चौघीजणी बसल्या. बस भरत गेली. एक गोरी स्त्री येऊन त्यांच्याजवळ उभी राहिली. ड्रायव्हरने चौघींनाही उठायला सांगितले. तिघी उठल्या. क्लॉडेट उठली नाही. आता त्या ओळीत तीन जागा रिकाम्या होत्या, तरीही ती गोरी स्त्री बसली नाही. काळ्या मुलीच्या ओळीत बसणे म्हणजे तिच्या बरोबरीने बसणे झाले असते! म्हणजे प्रश्न जागेचा नव्हताच. एका माणसाला बसता यावे म्हणून एक जागा पुरते; एका माणसाला वरचे ठरवायचे तर दुसऱ्याला अख्खी ओळ सोडावी लागते.

पोलिस आले. आपण भाडे दिले आहे आणि येथे बसणे हा आपला घटनात्मक हक्क आहे, असे ती पुन:पुन्हा सांगत राहिली. शिकवलेला धडा तिने पाठ करून ठेवला नव्हता. तो तिने खरा मानला होता. पोलिसांनी तिला ओढून खाली उतरवले, हातकड्या घातल्या आणि मोठ्या माणसांच्या कोठडीत टाकले. तिची आई आणि वस्तीतले पाद्री यांनी तिला सोडवून आणले. त्या रात्री गोऱ्यांचा हल्ला होईल या भीतीने तिच्या घरी बंदूक घेऊन जागता पहारा ठेवावा लागला.

तिच्यावर तीन आरोप ठेवण्यात आले : शांतताभंग, पृथक्करणाच्या कायद्याचा भंग आणि पोलिसांवर हल्ला. फ्रेड ग्रे या तरुण काळ्या वकिलाने तिची बाजू मांडली. १८ मार्च रोजी बालन्यायालयाने तिला तिन्ही आरोपांत दोषी ठरवले आणि बेमुदत देखरेखीखाली ठेवले. अपिलात, मे महिन्यात, न्यायाधीशांनी पहिले दोन आरोप वगळले आणि पोलिसांवरील हल्ल्याचा तेवढा कायम ठेवला. हा निकाल वरवर उदार वाटेल. वस्तुत: तो अतिशय चलाख होता. पृथक्करणाचा आरोपच उरला नाही, तेव्हा त्या खटल्यातून पृथक्करणाच्या कायद्याला आव्हान देण्याचा रस्ताच बंद झाला. मागे राहिली ती फक्त एक ‘आडदांड मुलगी’. अन्यायाविरुद्धच्या कृतीला गैरवर्तनाच्या सदरात ढकलले की कायदा सुखरूप राहतो. ही युक्ती आपल्याला अपरिचित नाही.

आता दुसरी बाजू. मॉन्टगोमेरीच्या काळ्या समाजात बहिष्काराची तयारी आधीपासून होती. अलाबामा स्टेट कॉलेजातील प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी विमेन्स पोलिटिकल कौन्सिलच्या वतीने २१ मे १९५४ रोजीच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती. क्लॉडेटच्या अटकेनंतर जे शिष्टमंडळ अधिकाऱ्यांना भेटले, त्यात २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंगही होते. तरीही तिच्या नावावर बहिष्कार पुकारला गेला नाही. तिला वगळण्यात इ. डी. निक्सन यांच्यासारख्या नेत्यांचे मत निर्णायक ठरले. ती वयाने लहान होती, तापट समजली जात होती, गरीब वस्तीतली होती. तिचा काळा रंगही आड आला, असे तिने स्वत: पुढे सांगितले आहे. ऑक्टोबरमध्ये मेरी लुईस स्मिथ या १८ वर्षांच्या मुलीला अशीच अटक झाली. तिचीही निवड झाली नाही. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्या ४२ वर्षांच्या, शांत, सर्वमान्य कार्यकर्त्या होत्या. ५ डिसेंबरपासून बहिष्कार सुरू झाला.

क्लॉडेट गरोदर असल्यामुळे तिला मागे ठेवले, असे बहुधा सांगितले जाते. तारखा पाहिल्या की हे कारण अपुरे ठरते. तिचा मुलगा २९ मार्च १९५६ रोजी जन्मला. तिच्या अपिलाचा निकाल मे १९५५ चा. म्हणजे तिचा खटला हातातून गेला आणि तिच्याविषयीचे मत बनले, तेव्हा ती गरोदर नव्हती. गरोदरपण पुढे आले आणि आधीच झालेल्या निर्णयाला नैतिक कारण मिळाले. इतिहासात असे पुष्कळदा होते. आधी माणूस वर्गावरून वगळला जातो आणि मागाहून त्याचे चारित्र्य पुढे केले जाते. स्त्रीच्या बाबतीत तर हे फारच सोपे असते.

नेत्यांवर अन्याय करण्याचे कारण नाही. खटला हरला असता तर त्याची किंमत साऱ्या समाजाने मोजली असती, आणि गोरी वर्तमानपत्रे फिर्यादीच्या आयुष्यातले व्यंग शोधायला टपलेली होती. ही सावधगिरी व्यवहाराची होती. परंतु तिच्यामागे एक कबुलीही दडलेली होती : आपल्यातला जो माणूस प्रस्थापितांच्या कसोटीला उतरेल, त्याच्याच अपमानाला आपण समाजाचा अपमान म्हणू.

मात्र कायद्याची लढाई शेवटी याच वगळलेल्या मुलीपाशी परत आली. बहिष्काराच्या सुरुवातीच्या मागण्या माफक होत्या. उतारूंना सभ्यतेने वागवावे, काळ्यांनी मागून व गोऱ्यांनी पुढून येतील तसे बसावे, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत. त्यांत पृथक्करण रद्द करण्याची मागणी नव्हती. ती मागणी फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी केंद्रीय न्यायालयात दाखल केलेल्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या दाव्यात आली. शेवटपर्यंत टिकलेल्या वादी चार स्त्रिया होत्या : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्व्हिन. रोझा पार्क्स त्यात नव्हत्या. ११ मे रोजी, बाळंत होऊन सहा आठवडे झालेली क्लॉडेट साक्षीला उभी राहिली. बहिष्कार किंगनी भडकावून घडवला असे शहराच्या वकिलाला वदवून घ्यायचे होते. तुमचे पुढारी कोण, या प्रश्नाला तिने आम्हीच आमचे पुढारी, अशा अर्थाचे उत्तर दिले. ५ जून १९५६ रोजी तिघा न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मताने बसमधील पृथक्करण घटनाबाह्य ठरवले. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ३८१ दिवसांचा बहिष्कार डिसेंबरात संपला.

काळ्यांच्या लढ्याकडे आपण काही कालपासून पाहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते; १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. बसमधल्या त्या मुलीशी आपले नाते याहूनही जुने आहे. १९०१ साली वडिलांकडे गोरेगावला निघालेले लहानगे बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचा मसूर स्थानकावर उतरले. स्वच्छ कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. ती महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाड्यालाही गाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण कबूल झाला तो दुप्पट भाडे घेऊन, आणि मुलांनी स्वत: गाडी हाकावी, तो बाजूने चालेल, या अटीवर. त्या मुलांच्या वर्तनात कोणते व्यंग होते? नीटनेटकेपणात ती कोठेही कमी नव्हती. चांगले वर्तन त्यांना वाचवू शकले नाही, कारण विटाळ वर्तनाला लागत नाही, जन्माला लागतो. मॉन्टगोमेरीत हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेले होते. येथे ते लिहिण्याची गरजच नव्हती. तेथे लिहिलेला कायदा न्यायालयात मोडता आला. न लिहिलेला कायदा घटनेच्या १७ व्या कलमानंतरही गावोगाव माणसांच्या नजरेत जिवंत राहिला, तो यामुळेच.

क्लॉडेट १९५८ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि तेथे वृद्धांच्या शुश्रूषागृहात अनेक वर्षे परिचारिकेची मदतनीस म्हणून राबली. तिची बेमुदत देखरेख संपल्याचे तिला कोणी कधी कळवले नाही. २०२१ च्या अखेरीस मॉन्टगोमेरीच्या न्यायालयाने तिचे बालगुन्हेगारीचे कागद पुसून टाकण्याचा आदेश दिला. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. तो आदेश देणारे न्यायाधीश काळे होते.

सहासष्ट वर्षे एका विद्यार्थिनीचे वर्तन सरकारदफ्तरी गुन्हा म्हणून राहिले. आपल्या शाळांतून, एस. टी. तून, वसतिगृहांतून ‘उर्मट’ म्हणून नोंद झालेल्या मुलामुलींकडे पाहताना हा आकडा ध्यानात ठेवावा. त्यांतले सगळेच बंडखोर नसतील. काही नुसतेच खोडकर असतील. पण शेरा कोणी मारला आणि कोणत्या नियमासाठी मारला, हे विचारल्याशिवाय त्यावर सही करू नये. आणि चळवळीने स्वत:लाही विचारावे : झोपडपट्टीतली, मोठ्याने बोलणारी, पोटुशी राहिलेली पोर उद्या आपल्या दारात न्याय मागायला आली, तर आपण तिला व्यासपीठावर बसवू, की तिच्यापेक्षा शोभणारे कोणी मिळेपर्यंत थांबू?