रंग कोण लावणार?

पणजीच्या फोंताइन्हासमध्ये आपण पिवळ्या-निळ्या भिंतींसमोर फोटो काढतो. पण तो रंग नुसता शोभेचा नाही. या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आणि जांभा पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यावर रंग. पोर्तुगीज काळात पावसाळा सरला की घर रंगवण्याची सक्ती होती. पांढरा रंग चर्चसाठी राखीव. १८४३ साली पणजी राजधानी झाली, तिचा हा शिरस्ता.

खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. त्यांतून उजेड येतो, पण डोळ्यांवर येत नाही. एखादी फुटली तर बदलायची.

म्हणजे ही घरं सतत देखभाल होईल असं धरूनच बांधलेली. आता रंगाची सक्ती नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेलं वारसाहक्काचं तत्त्व मात्र गोव्यात टिकून आहे : मुलगा असो वा मुलगी, वाटा समान. तत्त्व न्याय्यच. पण दोन-तीन पिढ्यांत एका घराला डझनभर हिस्सेदार होतात, कुणी मुंबईत, कुणी लिस्बनला. विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात. गळकं कौल बदलायला एकच माणूस पुरतो, पण तोच तिथे नसतो.

पुढच्या वेळी फोंताइन्हासला गेलात, तर रंग उडालेल्या, कुलूपबंद घरासमोरही जरा थांबा.