नाणेघाटातले आकडे आणि डेटाबेसमधला १३

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गायी, घोडे, कार्षापण दिले, याचा तो हिशोबच. त्यातले आकडे भारतातल्या सर्वात जुन्या आकड्यांपैकी आहेत. तेव्हा शून्य नव्हतं. २४,४०० लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हं शेजारी मांडायची. एकूण बेरीज न करताही ‘यात चारशेचं चिन्ह आहे का?’ हे नुसतं पाहून सांगता येतं.

आजच्या डेटाबेसमध्ये हीच युक्ती वेगळ्या कामासाठी वापरतात. समजा, आंबेगाव तालुक्यातल्या कुटुंबांची यादी करायची आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणात मूळ आंबेगाव गाव बुडालं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. म्हणून यादीत ‘धरणग्रस्त’ ही खूण हवीच. आदिवासी असेल तर १, अल्पभूधारक २, धरणग्रस्त ४, विधवा ८. लागू पडणाऱ्या खुणांची बेरीज करून एकाच रकान्यात ठेवायची. प्रत्येक किंमत आधीच्या दुप्पट असल्यामुळे बेरजेचा अर्थ एकच निघतो. १३ म्हणजे ८ + ४ + १, दुसरं काही नाही. यालाच बिट फ्लॅग म्हणतात. १९७० च्या दशकापासून युनिक्समध्ये फाईलच्या परवानग्या अशाच लिहितात: वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, तिन्ही असतील तर ७.

आता धरणग्रस्त शोधायचे आहेत. नवखा प्रोग्रॅमर विचारतो, ‘रकाना ४ आहे का?’ क्वेरी चालते, एरर येत नाही, यादीही मिळते. पण त्यात येतात फक्त धरणग्रस्त असलेले, बाकी काहीच नसलेले. १३ वाली बाई, म्हणजे आदिवासी, धरणग्रस्त आणि विधवा, यादीतून गायब! जिच्या अडचणी जास्त, तीच आधी गळते.

बरोबर प्रश्न वेगळा आहे: ‘या आकड्यात ४ ची खूण आहे का?’ त्यासाठी बिटवाइज अँड वापरतात. १३ म्हणजे बायनरीत ११०१ आणि ४ म्हणजे ०१००. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवायचा. उत्तर ०१००, म्हणजे ४. खूण सापडली. ‘आणि’, ‘किंवा’ यांचं हे बीजगणित जॉर्ज बूलने १८५४ साली पुस्तकरूपात मांडलं.

ही पद्धत जागा वाचवते, पण फुकट नाही. साधा इंडेक्स इथे फारसा कामी येत नाही, एकेक ओळ तपासावी लागते. आणि मोठा धोका वेगळाच आहे. ४ म्हणजे धरणग्रस्त, हे रकान्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

विल्यम साईक्स १८२८ साली नाणेघाटात पोचला तेव्हा अक्षरं समोर होती, पण वाचता कुणालाच येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मीची किल्ली शोधली, तेव्हा कुठे असे लेख बोलू लागले. आपल्या रकान्यातल्या १३ साठी कुणी प्रिन्सेप येणार नाही. खुणांचा तक्ता त्याच डेटाबेसमध्ये, शेजारच्या टेबलात, आजच लिहून ठेवा.