खडकाला धरून राहिलेले देह

१९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये शंभराहून अधिक पानांचा एक प्रबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील सुंदरलाल होरा. प्रश्न वरकरणी साधा होता : खळाळत्या डोंगरी ओढ्यांतले प्राणी वाहून का जात नाहीत? होरांचे नाव आज बहुधा मत्स्यशास्त्र आणि सातपुडा सिद्धान्त यांच्याच संदर्भात निघते. मात्र खासी टेकड्यांतील ओढ्यांच्या जीवसृष्टीवर त्यांनी १९२३ मध्येच लिहिले होते, आणि माशांबरोबर कीटकांच्या अळ्याही ते बारकाईने पाहत होते.

त्यांतली सर्वांत विलक्षण अळी ब्लेफॅरोसेरिडी कुळातील माशीची. तिच्या पोटाखाली एका रांगेत सहा चूषक असतात. काही चूषक घट्ट रोवून उरलेले सैल करीत, खडकावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडत ती भर प्रवाहात सरकते. मेफ्लायच्या कित्येक जातींची पिल्ले चपटी असतात. खडकालगतच्या संथ पाण्याच्या थरात दडण्यासाठी हा चपटेपणा, असे दीर्घकाळ मानले गेले. १९८२ मध्ये स्टात्झ्नर आणि होल्म यांनी लेझरच्या साहाय्याने अशा देहाभोवतीचा प्रवाह मोजला, तेव्हा तो या स्पष्टीकरणाहून बराच गुंतागुंतीचा निघाला.

तरीही ही सारी चर्चा पाण्याच्या वेगाची होती. पाणी केव्हा चढते आणि केव्हा उतरते, हा प्रश्न मागेच राहिला. २००४ मध्ये डेव्हिड लाइटल आणि लेरॉय पॉफ यांनी देहरचनेच्या जोडीला वर्तन आणि जीवनचक्राचे वेळापत्रक यांनाही अनुकूलनात स्थान दिले. ॲरिझोनातील एक मोठा पाणढेकूण जोराचा पाऊस सुरू होताच ओढ्याबाहेर चढतो. पूर मागाहून येतो. मेफ्लायच्या पंख फुटलेल्या कीटकाला तर जेमतेम काही तास किंवा काही दिवसांचे आयुष्य. त्याच्या बाहेर पडण्याची वेळ चुकली, तर ती पिढीच हुकते.

हवामानबदल नेमका या वेळापत्रकावर घाव घालतो. हिमालयात बर्फ लवकर वितळू लागले, पाऊस मोजक्या दिवसांत कोसळू लागला आणि मधले कोरडे दिवस लांबले, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुणा फसव्या ठरतात. धरणाचे दार उघडते तेव्हा तर पावसाची खूणही नसते.

ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या गंगेत ऋतुमानानुसार सरासरी प्रवाहाच्या २० ते ३० टक्के पाणी राखणे बंधनकारक केले. हे पाऊल महत्त्वाचे खरे. पण पाणी तासातासाला किती वेगाने चढावे-उतरावे, हे ही टक्केवारी सांगत नाही. ब्लेफॅरोसेरिडीची अळी निदान सरकू शकते. तिचा कोष मात्र खडकाला पक्का डकवलेला असतो. विजेच्या मागणीसाठी सोडलेले पाणी ओसरले, की तो जिथे आहे तिथेच उन्हात वाळतो.